अनधिकृत म्हणून मेलेली माणसं

सोफ्यावर पेपर अंथरला. आधी एक पान. मग त्यावर दुसरं. कोपरे नीट जुळवले. मग बिल्डरकडची ती मुलगी मला म्हणाली, "बसा मॅडम."

माझ्या कार्यालयाचे साहेब आधीच बसले होते. पेपराशिवाय.

आम्ही दोघं एकाच गाडीतून उतरलो होतो. एकाच चिखलातून चालत आलो होतो. साहेबांच्या पँटवर पोटऱ्यांपर्यंत शिंतोडे. माझे बूट मात्र दाराबाहेर काढून घेतले होते. साहेबांना बूट काढायला कुणी सांगितलं नाही. माझ्या अंगावर चिखलाचा ठिपका नव्हता. मी खाली वाकून बघितलं. पुढून बघितलं, सलवार मागून ओढून बघितली. काही नव्हतं.

मी बसले नाही. त्याला बंड म्हणू नका. मला बसताच येईना, एवढंच.

पळसदरीच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी ती साइट. चार इमारती उभ्या राहत होत्या आणि समोर हा नमुन्याचा फ्लॅट, गिऱ्हाइकाला दाखवायला. टेबलावर प्लास्टिकची फळं. भिंतीवर धबधब्याचं मोठं चित्र. खिडकीबाहेर खरा धबधबा पडत होता, पण पडदा ओढलेला होता.

शेठ आले. इथलेच. भाताची जमीन होती, जमिनीला भाव आला, मुंबईचा पैसा आला, शेठ बिल्डर झाले. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय गं, उभी का? बस की."

मग साहेबांकडं वळले. "साहेब, तुमच्या या इंजिनेराला मी वळखतो. वरच्या वाडीतली. हिचा बा आमच्या खळ्यावर भात झोडायला यायचा. तितंच झोपायचा."

साहेब म्हणाले, "मागची भिंत बघायची आहे म्हणते."

शेठ हसले. "कुडात वाढलेली कातोड्याची पोर. आता आमाला भिंती शिकवणार."

साहेब हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. पेपर अंथरणारी मुलगीही हसली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

कुड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर माती आणि शेण लिंपलेली भिंत. हो, मी कुडात वाढले. आमच्या कातकरी वाडीत सगळेच वाढले. कुड पडला तर माणूस अंगावरची माती झटकून उठतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी धबधब्याच्या चित्राकडं बघत होते.

मग मी बाहेर आले. बूट घातले. नाड्या करकचून बांधल्या. आणि एकटीच इमारतीच्या मागं गेले.

*

मी तिथं कशी पोचले ते सांगते.

माझा जन्म वीटभट्टीवरचा. दिवाळी झाली की आमची अख्खी वाडी भट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. मला आश्रमशाळेत घातलं ते शिकवायला नाही, तिथं दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून. तिथं चांगुणा भेटली. माझ्याच वाडीची, पण वाडीत आमचं बोलणं नव्हतं, त्यांचं घर पार टोकाला. शाळेत आमचे बिछाने शेजारी आले. थंडीत दोघींत एक चादर. ती ओढायची, मी ओढायची. मग कंटाळून एकमेकींना चिकटून झोपायचो. ती हसताना तोंडावर हात ठेवायची. पुढचे दात वाकडे होते म्हणून.

नववीत तिच्या बानं तिला भट्टीवर नेली. ती शाळेत परत आलीच नाही. मी राहिले. का राहिले, ते मला माहीत नाही. माझ्या बाला त्या वर्षी भट्टीवाल्यानं उचल दिली नाही, म्हणून आम्ही वाडीतच होतो. एवढंच कारण. हुशारी वगैरे काही नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. एका एजन्सीमार्फत बांधकाम परवानगीच्या कार्यालयात कंत्राटी इंजिनियर म्हणून लागले. अकरा महिन्यांची ऑर्डर. मग दोन-चार दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नवी ऑर्डर. आई वाडीत सांगायची, पोरगी सरकारात हाय. मी तिला कधी समजावलं नाही की सरकारात नाही, सरकारच्या ओट्यावर आहे.

आमच्याकडं कर्जत आणि खालापूर, दोन्हीकडची गावं. परवानग्या द्यायच्या, चालू बांधकामं जाऊन बघायची, नियमाबाहेर असेल ते थांबवायचं. हे काम. माणसं किती? साहेब, आणि तेही पूर्ण नाहीत. त्यांच्याकडं आणखी दोन कार्यालयांचा कार्यभार होता. आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. एक लिपिक. एक शिपाईकाका. आणि मी. बाकीची पदं मंजूर होती, म्हणजे कागदावर होती. त्या माणसांची टेबलं आली होती. खुर्च्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. माणसं आली नाहीत, म्हणून तिथं फायली बसायच्या.

कार्यालयाला गाडी होती. मागच्या अंगणात. चाकं नसलेली. तिच्या मागच्या सीटवर शेजारच्या घरची कोंबडी अंडी घालायची. दुरुस्तीचा प्रस्ताव अलिबागला गेला होता. तो मी लागण्याआधी गेला होता.

मग साइटवर जायचं कसं? बिल्डरची गाडी यायची. ज्याची भिंत तपासायची, त्याच्याच गाडीत बसून जायचं. थंडगार एसी. ड्रायव्हर विचारणार, मॅडम गाणी लावू का? गाडी नेहमी पुढच्या गेटला थांबायची. मागं रस्ता नाही म्हणायचे. पुढं रंग असतो, झाडं असतात, नमुन्याचा फ्लॅट असतो. भेगा मागं असतात.

आणि घरं तर हवीच होती. हे मी नाकारत नाही. मुंबईत, डोंबिवलीत, बदलापुरात ज्यांना जागा उरली नाही ती माणसं कर्जतला येत होती. भिसेगावात एका इमारतीत मी गेले होते. भोगवटा प्रमाणपत्र नाही, म्हणजे राहायची परवानगी नाही. लिफ्ट नाही. जिन्याला कठडा नाही. तरी तिसऱ्या मजल्यावर एक बाई पोळ्या लाटत होती. मला बघून तिनं लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "मॅडम, तुम्ही सील लावलंत तर आम्ही कुठं जायचं? तेवढं सांगून लावा."

जिन्यावरून पोरांना एकटं सोडू नका, असं म्हणून खाली आले.

एकदा वरच्या अधिकाऱ्यांची पडद्यावरची बैठक होती. ते म्हणाले, घरांची टंचाई आहे, शासनाचं धोरण आहे, परवानग्या अडल्या तर जबाबदारी तुमची. मी साहेबांच्या मागं बसले होते. मला वाटलं, विचारावं. विचारलं. "सर, परवानग्या देऊ. पण नंतर जाऊन बघायला माणसं कधी भरणार?"

पडद्यावरच्या माणसानं समोरचा कागद उलटला. मग म्हणाला, "उपलब्ध मनुष्यबळात भागवा."

साहेबांनी हात लांब करून आमचा माइक बंद केला.

*

तर मी इमारतीच्या मागं गेले.

डोंगर उभा कापला होता. कापलेली लाल माती आणि तिला धरायला बांधलेली एक उंच भिंत. अशा भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवतात. आतलं पाणी बाहेर यायला पाहिजे, नाहीतर ते भिंतीला ढकलतं. हे पहिल्या वर्षीच शिकवतात. भोकं नव्हती. दोन ठिकाणी नुसते गोल आकार होते, आत सिमेंट भरलेलं. मधल्या भागात भिंत पोट सुटल्यासारखी पुढं आली होती. मी हात लावला. पावसात भिजलेली भिंत वेगळी आणि आतून पाझरणारी वेगळी. ही आतून गार होती.

आणि तिच्या पायाशी झोपड्या. निळी ताडपत्री, पत्रे, बांबू. धूर येत होता. कामगारांची वस्ती.

"अगं... तूच ना तू?"

मी वळले. तोंडावर हात ठेवून चांगुणा उभी होती. डोक्यावर घमेलं तसंच. इतकी वर्षं झाली होती. हातावरून ओळखली मी तिला.

"सायबीन झालीस गं!" ती म्हणाली. मग माझ्या बुटांकडं बघून हसली. "बुटं केवढी! पुरुषावाणी."

तिनं मला झोपडीत नेलं. नवरा कामावर होता. सासू चुलीपाशी बसली होती. सासूनं गोणपाट झटकलं आणि मला हातानं बस म्हणून खुणावलं. मी बसले. त्या साइटवरचं माझं पहिलं बसणं.

काळा चहा प्यायलो. मी म्हटलं, "चांगुणा, इथं नको राहू. ही भिंत बरी नाय."

"मंग कुठं राहू?"

"सासरच्या वाडीवर."

"वाडीवर घर कुठं हाय? घरकुल मिळालं, पयला हप्ता आला, जोता बांदला. दुसऱ्या हप्त्याला जोता बघायला इंजनेर येयाचा हाय. त्यो काय येत नाय. जोत्यावर गवात उगवलंय." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तूच का नाय येत?"

"ते माझं खातं नाही गं. तिथला माणूस दुसरा."

"मंग त्याला सांग."

तिथला माणूस नव्हताच. ते पदही रिकामं होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पुन्हा हसली. तोंडावर हात ठेवून. "सरकारात मान्सं नाय, आन् आमाला काम नाय. अजबच हाय."

निघताना मी परत म्हटलं, भिंतीपासून लांब जा. ती म्हणाली, "आमीच बांदली ती भिंत. मी पानी मारलंय तिला."

*

परतीच्या गाडीत भिंतीचा विषय काढता येत नव्हता. ड्रायव्हर शेठचा होता.

कार्यालयात आल्यावर मी काम थांबवायची नोटीस तयार केली. साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी ती वाचली. चष्मा काढला.

"तुझ्याकडं पुरावा काय?"

"सर, भोकं बुजवलीत. भिंत फुगलीय."

"त्यांच्या सल्लागारानं भिंत सुरक्षित असल्याचं लिहून दिलंय. आपण ते खोटं पाडायचं कशानं? तपासायचं यंत्र आहे आपल्याकडं? बाहेरून तपासून घ्यायला निधी आहे?"

"नाही."

"मी नोटीस काढतो. उद्या वरून फोन येतो, घरं अडवता म्हणून. परवा ते कोर्टात जातात. आपल्याकडं वकिलाला माहिती द्यायला माणूस नाही." त्यांनी डोळे चोळले. "मी तीन ठिकाणी सह्या करतो. कुठं काय पडेल या विचारानं मला झोप नाही. तू एकाच भिंतीचं घेऊन बसलीस."

साहेब वाईट नव्हते. हे मी आजही म्हणते. पण त्यांनी सही केली नाही. नोटीस टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली. डावी बाजू म्हणजे नंतर बघू.

रविवारी मी स्वतःच गेले. टमटमनं, मग पायी. पाऊस धो धो. चांगुणाला आणि वस्तीतल्या सगळ्या बायकांना गोळा केलं. भिंत दाखवली. हात लावायला सांगितलं. चांगुणाची सासू भिंतीला हात लावून म्हणाली, "ही रडतेय." मग कुणाला समजवावं लागलं नाही. भांडी, ताडपत्री, पोरं, कोंबड्या घेऊन सगळे गावच्या शाळेच्या ओट्यावर गेले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा मला किती बरं वाटत होतं ते आता आठवलं की मी हातातलं काम टाकून उठते.

सोमवारी शाळा भरली. मास्तर म्हणाले, ओटा मोकळा करा, पोरांना बसायला जागा नाही. मुकादम आला. म्हणाला, काम पाहिजे असंल तर साइटवर राहायचं, नसंल तर हिशोब घ्या आणि चालू पडा.

दुपारी चांगुणाचा फोन आला. "आलो गं आमी परत."

मी ओरडले तिच्यावर. पहिल्यांदाच ओरडले.

ती शांतपणे म्हणाली, "मंग तू सांग ना कुठं जाऊ."

तिनं हे खिजवायला विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. मला उत्तर असेल असं तिला वाटत होतं. मी बुटं घालणारी सायबीन होते ना.

मी म्हटलं, "बघते काहीतरी."

हे आमचं शेवटचं बोलणं.

*

त्या आठवड्यात पाऊस थांबला नाही. पावसामुळं साइटवर काम बंद. काम बंद म्हणून सगळे झोपडीत. दुपारची वेळ. जेवणं उरकलेली.

मी कार्यालयात होते. शिपाईकाका आत आले आणि म्हणाले, मॅडम, भिंत पडली. मी विचारलं नाही, कुठली. पिशवी उचलली. त्या दिवशी बिल्डरची गाडी आली नाही. मी रस्त्यावर उभी राहून एका टेंपोला हात केला.

भिंत मधोमध फुटून आडवी झाली होती. वरून लाल माती खाली वाहत होती. गावची माणसं हातानं माती उपसत होती. जेसीबी पुढच्या गेटला उभा होता. मागं रस्ता नव्हता ना. फळ्या टाकून, नळाची लाइन तोडून तो मागं न्यायला बराच वेळ गेला. तोवर मातीतून आवाज येत होता. कुणाचा ते मला माहीत नाही. बाईचा होता की पुरुषाचा तेही कळत नव्हतं. मग जेसीबी सुरू झाला आणि काही ऐकू येईना. जेसीबी बंद केला तेव्हा आवाजही बंद झाला होता.

मधल्या दोन झोपड्या गाडल्या गेल्या होत्या. चांगुणा आणि तिचा नवरा. आणि वाशिमकडून आलेलं एक जोडपं, ज्यांचं नाव मला तोवर माहीतही नव्हतं. चौघंही गेले. चांगुणाला काढली तेव्हा तिचा एक हात तोंडावर होता. लोक म्हणाले, माती तोंडात जाऊ नये म्हणून धरला असेल. असेल. मला ते बघवलं नाही, आणि मान फिरवता आली नाही.

सासू वाचली. ती ओढ्यावर भांडी घासायला गेली होती. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ती बसली होती, मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "तुला ठावं व्हतं ना गं?"

"होतं."

"तू सायबीन हायस ना?"

मी मान डोलावली.

"मंग तुजं कुनी आयकलं कसं नाय?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं शिवी दिली नाही. तिला खरंच कोडं पडलं होतं. शिकलेल्या माणसाचं ऐकतात, म्हणून तर पोरांना शाळेत घालतात, असं तिनं आयुष्यभर ऐकलं होतं.

*

त्यानंतर मला साइटवर बोलावणं आलं. शेठची गाडी कार्यालयाच्या दारात आली. मी ड्रायव्हरला म्हटलं, तू जा. मी येते. मी टमटमनं गेले.

तोच नमुन्याचा फ्लॅट. साहेब होते, शेठ होते, शेठचा वकील होता, आणि वरच्या कार्यालयातले ते पडद्यावरचे अधिकारी. ते बहुतेक वेळ मोबाइल बघत होते. टेबलावर टाइप केलेला जबाब तयार होता. माझा जबाब. मी न दिलेला.

त्यात लिहिलं होतं की कामगारांनी स्वतःच्या मर्जीनं, कुणाचीही परवानगी न घेता भिंतीलगत अनधिकृत झोपड्या बांधल्या. त्यांना सूचना देऊनही त्यांनी जागा सोडली नाही. अतिवृष्टीमुळं दुर्घटना घडली.

मी तो शब्द पुन्हा वाचला. अनधिकृत. हा माझा शब्द होता. मी रोज माझ्या टिपणात लिहायचे. जादा मजल्याला, बळकावलेल्या मोकळ्या जागेला. पण बिल्डरांच्या मोठ्या इमारतींना तो शब्द नोटिशीत एकदाही लावू दिला नव्हता. आणि आता तोच शब्द चांगुणाच्या चुलीला लावत होते. माझ्या हातानं.

शेठचा आवाज त्या दिवशी मऊ होता. "हे बघ गं, तू आपल्यातलीच हायस. तुझ्या बाला आमी कधी परका मानला नाय. सही करून टाक. त्या म्हातारीला काय ते मदत देऊ. तुझीबी ऑर्डर पुढं चालू राहील, साहेबांना मी सांगतो."

मी म्हटलं, "मी सही करणार नाही."

वकील म्हणाला, "मॅडम, नीट विचार करा. त्या साइटची तपासणी तुम्हीच केली होती. दोष कुणावर येईल?"

"येऊ दे."

शेठचा मऊपणा संपला. "काय समजतेस गं तू स्वतःला? कोट्यातून पास झालेली कातोडी. उद्या परत भट्टीवर जाशील विटा पाडायला."

वरचे अधिकारी मोबाइलवरच होते. साहेब खाली बघत होते. या वेळी हसले नाहीत, एवढंच.

मला भीती वाटत होती. हे लपवत नाही. पण कानात काहीतरी पूर्ण शांत झालं होतं. खळ्यावर झोपणारा माझा बा. ओट्यावरून उठवलेल्या बायका. पोळ्या लाटणारी भिसेगावची बाई. सगळ्यांना हाच एक 'गं', हाच एक 'रं'. आईनं हाक मारली तर माया. शेठनं मारली तर दावं.

"मला गं म्हणू नका," मी म्हटलं. "मी सरकारी कामावर आलेय. अहो म्हणा."

शेठनं वकिलाकडं बघितलं.

"त्या झोपड्या अनधिकृत नव्हत्या. तुमच्या जागेवर होत्या, तुमच्या मुकादमानं बांधायला लावल्या होत्या. ते तिथून गेले होते. तुम्ही परत आणलंत. अनधिकृत ती भिंत होती. आणि ती मी बघितली, साहेबांना सांगितली. साहेबांकडं यंत्र नव्हतं, निधी नव्हता, माणूस नव्हता." मी वरच्या अधिकाऱ्यांकडं वळले. "सर, तुम्ही म्हणालात, उपलब्ध मनुष्यबळात भागवा. भागवलं. चौघं गेले. हे लिहायला सांगा. याच्यावर सही करते."

त्यांनी तेव्हा मोबाइल खाली ठेवला.

साहेब हळूच म्हणाले, "तू बाहेर जा." मला राग आला नाही आणि कीवही आली नाही. मी गेले.

*

माझी ऑर्डर पुढं आली नाही. कारण कुणी दिलं नाही, द्यावं लागतही नाही. ऑर्डर न येणं हेच कारण. माझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. दोन्ही तालुक्यांत पावसाच्या तोंडावर डोंगर कापणं चालू आहे आणि परवानग्या वेळेत मिळत आहेत. त्या साइटवर नवी भिंत झाली. तिला भोकं आहेत असं म्हणतात. मागं बाग केलीय.

मी आता चौकजवळच्या एका गॅरेजात हिशोब बघते. हायवेवरून मिक्सर जातात, सळ्यांचे ट्रक जातात. प्रत्येक ट्रकबरोबर मनात येतं, हा कुठल्या डोंगराच्या पायथ्याला चाललाय?

सगळे म्हणतात, तुझी चूक नव्हती. मीही म्हणते. मला ठाऊकच आहे. पण ठाऊक असून काही होत नाही. मी भिंतीपाशी उभी राहिले की हात आपोआप भिंतीवर जातो. बँकेत, देवळात, गॅरेजात. लोक बघतात. चांगुणा स्वप्नात येत नाही. ती जागेपणी येते. मी जेवायला बसले की समोर बसते आणि विचारते, मंग तू सांग ना कुठं जाऊ. चिडून नाही. साधं विचारते. मी घास खाली ठेवते.

तिचं घरकुल अजून जोत्यावरच आहे. गवत आता कमरेएवढं झालंय. सासू बहिणीच्या कुडात राहते. तिच्याकडं शेठचा एक माणूस कागद घेऊन आला होता. म्हणाला, म्हातारे, अंगठा दे, लवकर मिटवू. तिनं अंगठा दिला नाही. म्हणाली, "सायबीनीला इचारल्याबिगर देनार नाय." नोकरी गेली तरी तिच्यासाठी मी सायबीनच. मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्यानी काडली आसंल. मी नाय काडली."

मध्यंतरी शेठचा ड्रायव्हर गॅरेजात आला. निरोप घेऊन. शेठच्या नव्या कामावर इंजिनियरची जागा आहे, पगार दुप्पट. मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, शेठना सांग, जागा रिकामी असेल तर आधी आमच्या कार्यालयातली भरायला सांगा. तुमची ओळख वरपर्यंत आहे. ड्रायव्हरला कळलं की नाही माहीत नाही. तो हसला नाही.

आता चौकशी लागली आहे. अलिबागला साक्षीला बोलावलंय. मला माहीत आहे काय होईल. वकील विचारेल, तुम्ही कंत्राटी होतात ना? तुम्हाला नोकरीवरून काढलं ना? तुमचा राग आहे ना? मी म्हणणार, हो. कंत्राटी होते, काढलं, आणि राग आहे. राग लपवायला मी शिकले नाही आणि शिकणार नाही. शेठचं नाव घेणार. सल्लागाराचं घेणार. साहेबांचंही घेणार, ते चांगले असले तरी. माणसं न भरता, गाडी न देता, तपासायला दमडी न देता फक्त घाई करणाऱ्या त्या पडद्यावरच्या माणसाचंही घेणार. ही भिंत पावसानं पाडली असं माझ्यासमोर कुणालाही म्हणू देणार नाही.

म्हातारीलाही घेऊन जाणार आहे. तिला बोलायला कुणी बोलावलेलं नाही. मी बोलायला लावणार.

आधी नाव विचारतील. मी उभी राहून चांगुणाचं नाव सांगणार. मग तिच्या नवऱ्याचं. मग वाशिमच्या त्या दोघांचं, त्यांची नावं मी शोधून काढलीत आणि पाठ केलीत. म्हणतील, तुमचं नाव विचारलंय बाई, तुमचं सांगा.

मी म्हणणार, थांबा. आधी ही लिहून घ्या. आणि यांच्यापुढं अनधिकृत असं लिहायचं नाही.